शंभर वर्षांचा पूर : एका शब्दप्रयोगाचें परीक्षण

शास्त्राच्या क्षेत्रांतून व्यवहारांत आलेले कांहीं शब्दप्रयोग असे असतात कीं, वाटेंत त्यांचा अर्धा अर्थ गळून पडतो आणि उरलेल्या अर्ध्यावरच समाजाचा कारभार चालूं लागतो. ‘शंभर वर्षांचा पूर’ हा त्यांपैकींच एक होय. वर्तमानपत्रांत तो छापून येतो, नगररचनेच्या नकाशांत तो लाल रेषेच्या रूपानें उमटतो, आणि घरासाठीं जागा पाहणाऱ्या गृहस्थास तो दलालाच्या तोंडून ऐकावयास मिळतो. २०२५ च्या सप्टेंबर महिन्यांत सीना नदीच्या खोऱ्यांत अतिवृष्टि होऊन धाराशिव जिल्ह्यांतील परंडा व भूम तालुक्यांत पाण्यानें जो हाहाकार उडविला, वेढलेल्या वस्त्यांतून माणसें हेलिकॉप्टरनें काढण्याची जी वेळ आणली, ती अद्याप सर्वांच्या स्मरणांत आहे. अशा प्रसंगानंतर दोन उद्गार हटकून कानीं पडतात. एक, ‘शंभर वर्षांत असा पूर झाला नव्हता’. आणि दुसरा, ‘आतां पुढलीं शंभर वर्षें निर्धास्त’. पहिला उद्गार बहुधा कोणीं तपासलेला नसतो. दुसरा तर साफ खोटा असतो. तथापि दोहोंची जननी एकच, आणि ती म्हणजे वर सांगितलेला शब्दप्रयोग.

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकांत नदीच्या गणिताची चर्चा पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु शब्द पारखणें हें टीकाकाराचें काम आहे, आणि ज्या शब्दाच्या आधारावर माणसें घरें बांधतात त्याची पारख काव्यांतील शब्दाच्या पारखीहून कमी निकडीची नाहीं. शिवाय महाराष्ट्रांत हा शब्द केवळ बोलण्यापुरता राहिलेला नाहीं; त्यास शासनाच्या नियमांचें बळ आलें आहे. जलसंपदा विभागाच्या नियमांप्रमाणें, स्थूलमानानें, पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराचें पाणी जेथपर्यंत चढेल ती निळी पूररेषा आणि शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराचें पाणी जेथपर्यंत चढेल ती लाल पूररेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतची जमीन निषिद्ध, दोन रेषांमधली नियंत्रित आणि लाल रेषेपलीकडली मोकळी. एकाच गल्लींत एका घरास परवानगी मिळते व समोरच्यास मिळत नाहीं, एकाच्या जागेस भाव येतो व दुसऱ्याची पडून राहते, तें या दोन रेषांमुळें. तेव्हां या रेषा कोणत्या पुराव्यावर ओढल्या जातात व तो पुरावा कितपत भार सोशील, हें पाहणें सुशिक्षित गृहस्थाचें कर्तव्यच होय.

मूळ सिद्धान्त सोपा आहे. नदीच्या एखाद्या ठिकाणीं प्रत्येक वर्षाचा सर्वांत मोठा विसर्ग, म्हणजे एका सेकंदांत वाहून गेलेलें जास्तींत जास्त पाणी, नोंदवून ठेवावयाचें. ३० वर्षांचे ३० आंकडे जमले म्हणजे ते उतरत्या क्रमानें मांडावयाचे. मग वर्षांच्या संख्येंत एक मिळवून तिला पुराच्या अनुक्रमांकानें भागावयाचें. भागाकार येईल तो त्या पुराचा ‘पुनरागमनकाल’. या हिशेबानें ३० वर्षांतला सर्वांत मोठा पूर ३१ वर्षांचा, दुसरा साडेपंधरा वर्षांचा, तिसरा दहा वर्षांहून थोडा अधिक, असा क्रम लागतो. येथपर्यंत सारें अंकगणित आहे. अडचण पुढेंच येते. आपणांस पाहिजे असतो शंभर वर्षांचा पूर, आणि तो तर वहींत नाहीं. म्हणून नोंदींतल्या बिंदूंमधून एक रेषा ओढावयाची आणि ती कागदाच्या मोकळ्या भागांत पुढें वाढवावयाची. ही वाढ कोणत्या नियमानें करावी, हाच या शास्त्रांतला मुख्य प्रश्न होय.

या नियमाशीं ज्याचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे, त्या एमिल ज्यूलियस गुंबेल याचें चरित्र वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. १८९१ सालीं म्युनिक येथें जन्मलेला हा जर्मन गणिती पहिल्या महायुद्धानंतर हायडेलबर्ग विद्यापीठांत शिकवूं लागला. त्या काळीं जर्मनींत राजकीय खुनांचें सत्र चालू होतें. गुंबेलनें एकेक खून नोंदवून, खुनी कोणत्या पक्षाचा व त्यास शिक्षा काय झाली, याचीं कोष्टकें मांडलीं. आणि उजव्या पक्षांच्या खुन्यांस न्यायासनें किती सौम्यपणें वागवितात, हें १९२२ सालीं ग्रंथरूपानें लोकांपुढें ठेवलें. त्याचें प्रायश्चित्त त्यास घ्यावें लागलें. १९३२ सालीं त्याचा शिकविण्याचा अधिकार काढून घेण्यांत आला. पुढें फ्रान्स व १९४० पासून अमेरिका असा त्याचा परदेशवास झाला. तेथें १९४१ सालीं त्यानें पुरांच्या पुनरागमनकालावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला, आणि १९५८ सालीं पराकोटीच्या मूल्यांच्या संख्याशास्त्रावर ग्रंथ लिहिला. खुनांची गणती करणारा मनुष्य पुढें पुरांची गणती करूं लागला, हें वरवर विचित्र वाटतें. परंतु दोन्ही कामांची रीत एकच आहे. गुंबेलच्या कोष्टकास जो अधिकार प्राप्त झाला तो एकही नोंद न लपविल्यामुळें व सर्व नोंदी उघड्यावर मांडल्यामुळें. ही गोष्ट पुढें आपणांस उपयोगी पडणार आहे.

दोषांकडे वळण्यापूर्वीं गुण सांगणें न्यायाचें होईल. या पद्धतीच्या आधीं काय होतें? होतीं तीं सूत्रें. १८६५ सालीं डिकन्स नांवाच्या इंजिनियरानें उत्तर हिंदुस्थानासाठीं एक सूत्र दिलें. पाणलोट क्षेत्राचें क्षेत्रफळ त्यांत घातलें कीं मोठ्यांत मोठा पूर बाहेर येई. मुंबई इलाख्यांत सर क्लॉड इंग्लिस यांचें सूत्र प्रसिद्धीस आलें; शंभर चौरस मैलांच्या खोऱ्यास त्याप्रमाणें सेकंदास सुमारें ६८,६०० घनफूट पाणी येतें. निजामाच्या राज्यांत नवाब अली नवाझ जंग यांचें सूत्र चाले. ज्या मांजरा नदीवर त्यांच्या देखरेखीखालीं निजामसागर बांधला गेला, तीच मांजरा धाराशिव जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. हीं सूत्रें निरुपयोगी नव्हतीं. ज्या ओढ्यावर मोजमापाची पट्टीच नाहीं तेथें आजही त्यांचाच आधार घ्यावा लागतो. परंतु त्यांना ‘किती’ एवढेंच सांगतां येई. ‘कितीदां’ हा प्रश्न त्यांच्या गांवींही नव्हता. सूत्रांतला पूर उद्यां येईल कीं पांचशें वर्षांनीं, याविषयीं तीं मुकीं होतीं. पुराचा विचार शक्यतेच्या भाषेंत करावयास लावणें, हा नव्या पद्धतीचा मोठा उपकार होय. कोणतीही भिंत सर्व पुरांना पुरून उरणार नाहीं, म्हणून किती धोका पत्करावयाचा तें आधीं ठरवा, असें ती प्रामाणिकपणें बजावते.

हा प्रश्न मराठवाड्यास परका नाहीं. २८ सप्टेंबर १९०८ रोजीं मुशी नदीनें हैदराबाद शहरांत हजारों माणसांचा बळी घेतला. त्या वेळीं धाराशिव जिल्हा त्याच राज्याचा भाग होता. पुढील वर्षीं निजाम सरकारानें विश्वेश्वरय्या यांस पाचारण केलें. त्यांनीं पावसाचे आंकडे व पुराच्या खुणा जमवून महत्तम विसर्ग सेकंदास सुमारें ४,२५,००० घनफूट ठरविला आणि शहराच्या वर धरणें बांधण्याची शिफारस केली. त्यांतूनच १९२० सालीं उस्मानसागर व १९२७ सालीं हिमायतसागर हे तलाव सिद्ध झाले. ज्या निजामाचें नांव त्या तलावास मिळालें, त्याचेंच नांव २०२३ पर्यंत या जिल्ह्यासही होतें. विश्वेश्वरय्यांच्या तपासणींतली एक बाब मात्र विशेष मननीय आहे. त्या खोऱ्यांत लहानमोठे ७८८ तलाव होते, आणि त्या अतिवृष्टींत त्यांपैकीं २२१ फुटले. म्हणजे शहरावर जो पूर आला तो निव्वळ आकाशाचा नव्हता. त्यांत माणसांनीं अडविलेल्या व मग एकाएकीं सुटलेल्या पाण्याचाही वांटा होता. असला पूर वार्षिक आंकड्यांच्या रांगेंत इतर पुरांशेजारीं बसवितां येईल काय, ही शंका येथेंच उत्पन्न होते.

आतां दोष पाहूं. पहिला दोष शब्दाचा आहे. ‘शंभर वर्षांतून एकदां’ असें म्हटलें कीं मराठी माणसाच्या मनापुढें बारा वर्षांनीं येणारा सिंहस्थ उभा राहतो. सिंहस्थ एकदां होऊन गेला म्हणजे पुढलीं अकरा वर्षें तो येत नाहीं, हें निश्चित. पुराचें तसें नाहीं. शंभर वर्षांचा पूर याचा खरा अर्थ इतकाच कीं, कोणत्याही एका वर्षीं तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता शंभरांत एक आहे. यंदा आला म्हणून पुढल्या वर्षींची शक्यता केसभरही कमी होत नाहीं. ‘पुनरागमनकाल’ या संज्ञेंत ‘आगमन’ आहे आणि ‘पुनः’ आहे, म्हणून गेलेला पाहुणाच ठरल्या दिवशीं परत येईल असा भास होतो. वस्तुतः येणारा प्रत्येक पूर नवा असतो.

या एका गैरसमजाची किंमत आंकड्यांत मांडतां येते. एखाद्या कुटुंबानें ३० वर्षांच्या मुदतीचें कर्ज काढून लाल रेषेवर घर बांधलें, तर तें कर्ज फिटण्यापूर्वीं निदान एकदां तरी घरापर्यंत पाणी येण्याची शक्यता शेंकडा २६ आहे. चारांतून एक म्हणावी इतकी. निळ्या रेषेवरच्या घरास तीच शक्यता शेंकडा ७१ पडते. उलटपक्षीं, शंभर वर्षें वाट पाहिली तरी शंभर वर्षांचा पूर येईलच असें नाहीं. तो येण्याची शक्यता शेंकडा ६३ आहे. आणखी असें कीं, परस्परांवर अवलंबून नसलेलीं नदीकांठचीं शंभर ठिकाणें घेतलीं तर सरासरीनें दर वर्षीं त्यांतल्या एका ठिकाणीं शंभर वर्षांचा पूर येणारच. मग दर पावसाळ्यांत कोठें ना कोठें ‘शतकांतला पूर’ आल्याची बातमी यावी यांत आश्चर्य तें काय? आश्चर्य तेव्हां वाटावें, जेव्हां एकाच ठिकाणीं तो लागोपाठ येतो. कोल्हापूर-सांगलीकडे २००५, २०१९ व २०२१ असे तीन महापूर सोळा वर्षांच्या अंतरांत येऊन गेले. हे तिन्ही शंभर वर्षांचे होते असें कोणीं म्हटलें, तर तसें घडण्याची शक्यता हजारांत एकाहूनही कमी निघते. अशा वेळीं दैवाकडे बोट दाखविण्यापूर्वीं शहाण्या मनुष्यानें आंकड्याकडे संशयानें पाहावें.

दुसरा दोष नोंदींच्या आखूडपणाचा. ३० वर्षांची नोंद आपल्या नद्यांच्या मानानें बरीच समजली जाते. परंतु वरचेंच गणित उलटून पाहा. ३० वर्षांत शंभर वर्षांचा पूर येण्याची शक्यता शेंकडा २६, म्हणजे न येण्याची ७४. दर चार वह्यांपैकीं सुमारें तीन वह्यांनीं तो पूर कधीं पाहिलेलाच नसतो, आणि आपण त्यांच्याकडून त्याचें वर्णन मागतों. उरलेल्या एका वहींत तो असतो खरा, परंतु तेथें साध्या भागाकारानें त्यास ३१ वर्षांचा पूर म्हणून लेखलें जातें. पहिल्या प्रकारांत अंदाज उणा पडण्याकडे कल, दुसऱ्यांत अधिक होण्याकडे. आणि आपल्या हातीं आलेली वही कोणत्या प्रकारची, हें वहीवरून कळत नाहीं.

एक कल्पित उदाहरण घेऊं. समजा, एखाद्या नदीच्या ३० वर्षांच्या वार्षिक महत्तम विसर्गांची सरासरी सेकंदास १,००० घनमीटर आहे, आणि त्यांचें प्रमाण-विचलन, म्हणजे सरासरीच्या आजूबाजूस होणाऱ्या चढउताराचें माप, ६०० घनमीटर आहे. गुंबेलच्या नियमानें स्थूलमानानें २५ वर्षांचा पूर २,२३० व १०० वर्षांचा पूर २,८८० घनमीटर येतो. नकाशावर रेषा ओढण्यास एवढें पुरतें, आणि पुष्कळदां एवढ्यावरच थांबण्यांत येतें. परंतु याच गणितास ‘तुझी चूक किती होऊं शकेल?’ असा प्रश्न केला, तर तें तितक्याच सरळपणें उत्तर देतें कीं, शंभरांत पंचाण्णव विश्वासानें बोलावयाचें तर शंभर वर्षांच्या पुराचा खरा आंकडा २,०४० पासून ३,७२० पर्यंत कोठेंही असूं शकतो. खालची मर्यादा २५ वर्षांच्या पुराच्या अंदाजाहूनही खालीं गेली. आणि वरची मर्यादा इतकी वर कीं, आपण ओढलेल्याच वक्ररेषेवर तिची जागा सुमारें ६०० वर्षांच्या पुरापाशीं येते. यांत शास्त्राची लबाडी मुळींच नाहीं. शास्त्र आपलें अज्ञान मोजून दाखवितें. नकाशा काढणारा मात्र तें माप पुसून टाकतो व एक बारीक, रेखीव, लाल रेघ तेवढी ठेवतो.

तिसरा दोष मापनाचा. विसर्गाची वही म्हणजे नदीनें स्वतः लिहून दिलेली जबानी नव्हे. रोजच्या कामांत पट्टीवर पाण्याची उंची वाचतात. शांत दिवसांत प्रवाहमापकानें वेग मोजून उंची व विसर्ग यांचा संबंध ठरविलेला असतो. त्या संबंधावरून पुढें उंचीचा विसर्ग करतात. परंतु खरा महापूर मध्यरात्रीं येतो, झाडें, गुरें, गाडे वाहून आणतो, पूल पाण्याखालीं जातो. त्या वेळीं पात्रांत यंत्र सोडण्यास कोण धजेल? म्हणून सर्वांत मोठ्या पुराचा आंकडा बहुधा मोजलेला नसतो. लहान पुरांवरून बसविलेला संबंध वर ताणून काढलेला असतो. धाराशिवसारख्या जिल्ह्यांत तर लहान नद्यांचा पूर कांहीं तासांत चढतो व उतरतो. ठराविक वेळीं पट्टी वाचणाऱ्याच्या दोन फेऱ्यांमध्यें तो निसटूनही जातो. ज्या आंकड्यावर सारा डोलारा उभा, तोच आंकडा रांगेंत सर्वांत कच्चा असावा, ही या पद्धतीची मोठी पंचाईत आहे.

चौथा दोष सर्वांत खोल आहे, आणि तो समजण्यास धाराशिव जिल्ह्यासारखें उदाहरण नाहीं. रांगेंत मांडलेले सर्व आंकडे एकाच कुळांतले असावेत, आणि तें कूळ काळाबरोबर बदलत नसावें, असें या गणितानें गृहीत धरलेलें असतें. हा जिल्हा बालाघाटच्या पाठीवर वसला आहे. एका बाजूस तेरणा व मांजरा यांचें पाणी गोदावरीस जातें. दुसऱ्या बाजूस सीना व बोरी यांचें पाणी भीमेवाटे कृष्णेस मिळतें. सरासरी पाऊस ७०० ते ८०० मिलिमीटरांच्या आसपास. पण सरासरीसारखें वर्ष क्वचितच येतें. शेजारच्या लातूर शहरास २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी पुरवावें लागलें, आणि त्याच वर्षीं पावसाळा संपतां संपतां मांजरा धरण भरलें. दुष्काळाच्या वर्षीं नदींत गुडघाभरही पाणी वाहत नाहीं; तरी त्या वर्षाचाही एक ‘महत्तम विसर्ग’ वहींत पडतो व वक्ररेषेस आपल्याकडे ओढतो. जो पूर नव्हेच, त्यानें महापुराच्या अंदाजांत मत द्यावें, असा हा प्रकार आहे.

शिवाय येथील पाऊस दोन जातींचा. आषाढ-श्रावणांतला मोसमी पाऊस एक. आणि परतीच्या सुमारास बंगालच्या उपसागरांतून चालून येणाऱ्या वादळी पट्ट्याचा पाऊस दुसरा. २०२० च्या ऑक्टोबरांत काकिनाड्याजवळ किनारा ओलांडून आलेल्या अशाच एका पट्ट्यानें तुळजापूर, लोहारा, उमरगा या तालुक्यांतील शेतें खरवडून नेलीं. मुशीचा पूरही सप्टेंबरअखेरचाच होता. बहुतेक वर्षांचे आंकडे पहिल्या जातीचे, आणि महापूर पुष्कळदां दुसऱ्या जातीचा. मांजरांच्या उंचीवरून वाघाची उंची काढावी, तसें हें अनुमान होतें.

आणि कूळही बदलत आहे. तेरणेवर तेर येथें व माकणी येथें, सीनेवर परंडा तालुक्यांत, मांजरेवर धनेगांव येथें धरणें झालीं. ओढ्याओढ्यांवर पाझर तलाव व साठवण तलाव झाले. धरण लहान पूर गिळतें, म्हणून खालच्या गांवची वही कित्येक वर्षें शांत दिसते. लोक पात्राकडे सरकतात. मग एखाद्या वर्षीं धरण आधींच भरलेलें असतें, वर अतिवृष्टि होते, आणि सांडव्यावरून सारा पूर खालीं येतो. त्यांत हवामानाचा बदल मिसळला आहे. हवा एक अंश तापली कीं तिची बाष्पधारणा सुमारें शेंकडा सातांनीं वाढते, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं दाखवून दिलें कीं, १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारतावरील विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग सुमारें तिप्पट झाले. यावरून प्रत्येक नदीचा पूर तिप्पट होईल असें अनुमान काढणें चुकीचें होईल. परंतु १९८० सालचें पाणी व २०२५ सालचें पाणी एकाच हंडींतलीं शितें मानून त्यांवरून भाताची परीक्षा करणें आतां सुरक्षित राहिलेलें नाहीं, एवढें निश्चित.

यावर असा आक्षेप येईल कीं, टीका करणें सोपें आहे. आंकडा नसेल तर इंजिनियरानें पूल बांधावा तरी कसा? आक्षेप रास्त आहे. स्वतः इंजिनियर मंडळींनीं त्याचें एक उत्तर केव्हांच दिलें आहे. १९८५ च्या भारतीय मानकाप्रमाणें मोठ्या धरणाचा सांडवा शंभर वर्षांच्या पुरावर योजीत नाहींत; त्या खोऱ्यावर आकाश जास्तींत जास्त किती पाऊस पाडूं शकेल याचा हवामानशास्त्रीय विचार करून ‘संभाव्य महत्तम पूर’ काढतात व सांडवा त्यावर बेततात. शंभर वर्षांचा पूर लहान धरणांपुरता ठेवला आहे. हा विवेक महागांत शिकावा लागला. ११ ऑगस्ट १९७९ रोजीं सौराष्ट्रांत मच्छू नदीवरील दुसरें धरण फुटून मोरवी शहर बुडालें. सांडव्याची योजना सेकंदास ५,६६३ घनमीटर पाण्याची होती आणि आलें त्याच्या सुमारें तिप्पट. परंतु धाराशिवसारख्या जिल्ह्याची गोष्ट अशी कीं, येथें लहान तलावच पुष्कळ, आणि ज्या ओढ्यांवर ते आहेत त्यांवर मोजमाप सर्वांत थोडें. ज्या आंकड्यावर विसंबावयाचें, तो जेथें सर्वांत दुबळा तेथेंच त्याच्यावर सर्वांत अधिक भार पडतो.

आखूड वही म्हणजे निर्भयतेचा दाखला नव्हे, हा धडा याच भूमीनें एकदां फार कठोरपणें शिकविला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारी व सास्तूर परिसरांत भूकंप होऊन हजारों माणसें दगडमातीच्या घरांखालीं गाडलीं गेलीं. तोंवर देशाच्या भूकंपनकाशांत हा प्रदेश सर्वांत सुरक्षित अशा पहिल्या विभागांत गणला जात होता. नोंद नव्हती, म्हणून धोका नाहीं असें धरलें होतें. २००२ सालीं तो पहिला विभागच नकाशांतून काढून टाकण्यांत आला. पुराच्या नकाशाकडे पाहतांना सास्तूरच्या माणसास हें सांगावें लागूं नये.

मग करावें काय? पहिली गोष्ट, साक्षीदार वाढवावे. पुणें विद्यापीठांतील भूगोलाचे अध्यापक विश्वास काळे व त्यांचे सहकारी यांनीं नर्मदेच्या दऱ्यांत पुरानें कड्याच्या आडोशास ठेवून दिलेले गाळाचे थर वाचले, आणि शेंकडों वर्षांपूर्वींच्या महापुरांची उंची त्यांवरून ठरविली. ज्या पुरांची नोंद कोणत्याही कचेरींत नाहीं, त्यांची नोंद नदीनें स्वतः करून ठेवलेली असते. आपल्या जिल्ह्यांतही असे साक्षीदार आहेत. नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदीवर इब्राहीम आदिलशहा दुसरा याच्या कारकीर्दींत घातलेला बंधारा व त्याच्या पोटांतला पाणीमहाल सुमारें चारशें वर्षें पुराचे लोंढे अंगावर घेत उभा आहे. नर आणि मादी हे दोन धबधबे पाहण्यास पावसाळ्यांत लोक गर्दी करतात. त्या भिंतीवरून किती उंचीचें पाणी गेलें असतें तर ती टिकली नसती, हें गणितानें काढतां येईल. मधल्या डागडुजीचा हिशेब लक्षांत घेऊनही ही साक्ष ३० वर्षांच्या वहीहून हलकी ठरणार नाहीं. तेरसारखें सातवाहनकाळापासून नांदतें गांव तेरणेच्या कांठीं आहे. देवळांच्या पायऱ्या, घाटांचे दगड, वाड्यांच्या भिंती यांवर पाण्याच्या खुणा असतात व म्हाताऱ्यांच्या स्मरणांत त्यांचीं सालें असतात. शाळामास्तरांनीं व ग्रामपंचायतींनीं २०२० व २०२५ च्या खुणा आजच दगडांत कोराव्या. आणखी पन्नास वर्षांनीं त्या कोणत्याही कोष्टकाहून मोलाच्या ठरतील.

दुसरी गोष्ट, आंकडा एकटा सांगूं नये. ‘शंभर वर्षांचा पूर २,८८०’ असें न म्हणतां, किती वर्षांच्या नोंदीवरून, कोणत्या ठिकाणच्या, आणि कोणत्या मर्यादांच्या आंत, तें त्याच ओळींत सांगावें. लाल रेघेऐवजीं लाल पट्टा काढावा. पट्ट्याच्या आंत शाळा, दवाखाना व वीजघर बांधूं नये, घर बांधणाऱ्यानें जोतें उंच घ्यावें. तिसरी गोष्ट भाषेची. ‘शंभर वर्षांतून एकदां’ हा प्रयोग सामान्य व्यवहारांतून हद्दपार करून ‘दर वर्षीं शंभरांत एक’ असें म्हणावें. आणि घरापुरतें बोलावयाचें असेल तर ‘तीस वर्षांत चारांतून एक’ असें म्हणावें. इतक्या सोप्या मराठींत सांगितलेला धोका कळत नाहीं असा गृहस्थ विरळा.

प्रस्तुत लेखकाचा अभिप्राय थोडक्यांत असा. पुराच्या पुनरागमनाचें गणित टाकाऊ नाहीं. तें सोडून केवळ अंदाजपंचें कारभार करणें हें त्याहून वाईट. परंतु तें गणित आपल्या मर्यादा स्वतः सांगतें, आणि त्या मर्यादा कचेरीपासून बातमीपर्यंतच्या वाटेंत कोठेंतरी गळून पडतात. गुंबेलनें आपलें प्रत्येक कोष्टक पुराव्यासह उघडें ठेवलें होतें; त्याच्या नांवानें ओढलेल्या रेषांचा पुरावाही तसाच उघडा असावा, ही मागणी अवाजवी म्हणतां येणार नाहीं. यापुढें नदीकांठची जागा घेण्यापूर्वीं वाचकांनीं जागा रेषेच्या आंत कीं बाहेर एवढेंच विचारून परतूं नये. ही रेषा किती वर्षांच्या नोंदींवर ओढली, वही कोणत्या गांवच्या पट्टीची, धरण झाल्यावर ती पुन्हां तपासली कीं नाहीं, आणि अंदाजाची वरची मर्यादा कोठवर जाते, हे चार प्रश्न लेखी विचारावे व उत्तरही लेखीच मागून घ्यावें.